एकोणसाठ नग शॉर्ट

किस्से जमवायला कोणी जात नाही. फॅक्टरीच्या मागे भंगार साठतं तसे ते साठत जातात आणि एक दिवस बघावं तर यार्ड फुल्ल. मी सातपूरच्या एका फॅक्टरीत कॉम्प्युटर विभागात होते. विभाग म्हणजे आमचे खैरनार साहेब आणि मी, संपला विभाग. माझं अर्धं यार्ड एकट्या विंडोजने भरलंय. घरी वापरतो ती नव्हे हं. मोठ्या कंपन्यांसाठी वेगळी काढलेली, एंटरप्राइझ एडिशन. पुण्याच्या हेड ऑफिसने ठरवलं की सगळ्या प्लांटमध्ये आता हीच. झालं.

* * *

ती अडली स्टोअरच्या दारातच. आमच्याकडे नियम असा की खिळा असो नाहीतर क्रेन, स्टोअरच्या रजिस्टरला इनवर्ड झाल्याशिवाय आत यायचं नाही. आणि स्टोअर म्हणजे भामरे अण्णा. मूळचे सटाण्याकडचे, रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलेली, खिशाला तीन पेनं. त्यांनी ऑर्डर वाचली : साठ नग. मग आलेली सीडी उलटसुलट करून पाहिली.

"ताई, बाकीच्या कुठंयत?"

"अण्णा, ही एकच असते. हिच्यावरूनच साठही मशीनमध्ये टाकायची."

"मग ऑर्डर एकीची करायची."

मी लायसन्स म्हणजे काय ते पाच मिनिटं समजावलं. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पावतीवर मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, 'एक नग मिळाला. एकोणसाठ शॉर्ट.'

तो कागद रीतसर पुण्याला गेला. आठवड्याने तिथून खैरनार साहेबांना फोन, की उरलेल्या एकोणसाठसाठी सप्लायरशी आम्ही भांडायचं की तुम्ही?

* * *

ह्या एडिशनची आणखी एक गंमत. ऑफिसच्या नेटवर्कवर पंचवीस मशीन जमल्याशिवाय ती एकालाही पक्कं करत नाही. तोवर सगळ्यांना रोज सूचना, की पक्कं करून घ्यायला एवढेच दिवस उरले. लोक घाबरून फोन करायचे. खैरनार साहेब प्रत्येकाला एकच सांगायचे, "अहो, सीबीएस स्टँडवरची पेठला जाणारी काळीपिवळी जीप बघितलीय ना? सीटं भरल्याशिवाय सुटत नाही. तसंच आहे हे. बसून राहा."

चोवीस सीटं भरली. पंचविसावं परचेसच्या जोशींचं. ते मशीनला हात लावू देईनात. 'नव्या विंडोजमध्ये कामाचे काही प्रोग्राम गहाळ होत असल्याचे समजते', असा लेखी अर्जच दिला त्यांनी. मी चौकशीला गेले. कोणते प्रोग्राम? जोशींनी इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "पत्त्यांचा."

ऑफिसच्या कामाची विंडोज म्हणून तिच्यात खेळ बंद करूनच येतात, त्याला आम्ही काय करणार? शेवटी खैरनार साहेबांनी जोशींच्या टेबलावर टाचणीच्या डबीशेजारी पत्त्यांचा खराखुरा कॅट ठेवला, तेव्हा जोशी खुर्चीतून उठले आणि आमची जीप सुटली.

* * *

मग आले पासवर्ड. दर सहा आठवड्यांनी नवा, एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह, आणि जुना परत चालणार नाही. सगळी फॅक्टरी वैतागली. पुण्याहून तपासणीला साहेब आले. तरुण, हुशार, सदा घाईत. त्यांनी एकेक कीबोर्ड उलटा करायला सुरुवात केली. प्रत्येकाखाली चिठ्ठी. प्लांट हेडच्या कीबोर्डखाली तर दोन, दुसरी बायकोच्या बँकेच्या कार्डाची.

स्टोअरला आले. कीबोर्डखाली काही नाही. ड्रॉवरमध्ये नाही, कॅलेंडरमागे नाही.

"पासवर्ड कुठे लिहिलाय?"

"लिव्हायचा कशाला? बेअरिंगचा कोड टाकतो. दर टायमाला नवी बेअरिंग."

अण्णांना रॅकमधल्या हजारो सामानांचे कोड पाठ होते. रिटायर होईपर्यंत पासवर्ड पुरतील, असा त्यांचा हिशेब होता. साहेबांना काही ते खरं वाटलं नाही.

* * *

त्याच भेटीत साहेबांनी अण्णांना एक एंट्री करून दाखवायला सांगितलं. इथे मात्र अण्णा फसले. डोकं पक्कं, पण माउस म्हणजे त्यांना हातात साबण. एका बोटाने टाइप करायचे, बाण हरवला की चष्मा पुसायचे. साहेब घड्याळ बघत उभे. मी मागे उभी राहून देवाचं नाव घेत होते.

पंधरा दिवसांनी ऑर्डर आली. भामरेंची बदली, मनमाडच्या गोडाऊनला, एक तारखेपासून. तिथे अजून रजिस्टरच चालतं, म्हणून.

मनमाड काही परदेश नव्हे. पण अण्णांच्या मिसेसना डायलिसिस सुरू होतं. मंगळवार, गुरुवार, शनिवार, गंगापूर रोडच्या एका दवाखान्यात. शनिवारी फॅक्टरीला सुट्टीच असते. बाकी दोन दिवस अण्णा सकाळी लवकर येऊन दुपारी निघायचे. मूलबाळ नाही. नेणारे-आणणारे तेच.

"मनमाड वाईट नाय, ताई," एवढंच म्हणाले. "पण हिला कोण नेणार?"

खैरनार साहेबांनी पुण्याला दोन पत्रं लिहिली. उत्तर नाही. मला इतका राग आला होता त्या साहेबांचा की काय सांगू.

* * *

आता शेवटचा. त्या एडिशनमध्ये लॅपटॉपला आतून कुलूप लावायची सोय होती. आत काही बिघडलं की लॅपटॉप मालकालाही ओळखत नाही, अठ्ठेचाळीस आकड्यांची किल्ली मागतो. साहेबांनी आपल्या लॅपटॉपला कुलूप आमच्याच प्लांटवर लावून घेतलं होतं. किल्ली सर्व्हरवर ठेवता आली असती, पण खैरनार साहेबांचा विश्वास कागदावर. त्यांनी ती छापून, पाकिटात घालून, सील करून अण्णांच्या लोखंडी कपाटात ठेवायला पाठवली.

अण्णांनी पाकीट फोडलं. "बंद माल मी घेत नाय. आत काय ते बघून इनवर्ड करीन." आणि अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस आकडे रजिस्टरला चढवले. खैरनार साहेबांनी कपाळाला हात लावला.

बदलीला आठवडा उरला होता. शनिवारी सकाळी माझा फोन वाजला. पुण्याचे साहेब, मुंबईहून. परदेशचे पाहुणे समोर बसलेत, तासाभरात प्रेझेंटेशन, आणि लॅपटॉप किल्ली मागतोय. आवाज रडवेला. फॅक्टरी बंद, कपाटाच्या चाव्या अण्णांकडे, अण्णा दवाखान्यात. मी स्कूटी काढली आणि सुटले.

अण्णा मिसेसच्या कॉटशेजारी स्टुलावर बसले होते. एका हाताने त्यांचा हात धरलेला. मी धापा टाकत कपाटाच्या चाव्या मागितल्या.

"कपाट कशाला उघडता? द्या फोन."

बाई डोळे उघडून काहीतरी पुटपुटल्या. "काही नही, हापिसनं काम शे," अण्णा त्यांना म्हणाले आणि मी साहेबांना लावून दिलेला फोन कानाला धरला. डोळे मिटले. सहा आकडे सांगायचे, थांबायचे, परत सहा. पाच गट झाले, सहा झाले. हातात कागद नाही, काही नाही.

सहा गट झाल्यावर पलीकडून साहेबांचा आवाज मलाही ऐकू आला. "ग्रेट! सर, आपण कोण बोलताय?"

"भामरे, स्टोअर. एक तारखेला मनमाडला चाललाय तो."

अण्णांनी थोडी वाट पाहिली. मग मिसेसच्या अंगावरची चादर नीट केली आणि फोनमध्ये म्हणाले,

"लिव्हताय ना, साहेब? दोन गट राहिलेत."