बोक्याच्या कानाचा छडा

आमच्या कुत्र्याचं नाव बोका. कुत्र्याला बोका म्हणणारी बाई कशी असेल, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा. ती माझी वहिनी. पिल्लू असताना त्याने ओट्यावर चढून दूध चाटलं, म्हणून तिने ते नाव ठेवलं आणि मी हजारदा सांगूनही बदललं नाही. घरात आम्ही तिघंच, ती, मी आणि बोका. तिघांत चालतं कोणाचं हे वेगळं सांगायला नको.

वहिनी भावाचं सलून चालवते, पुरुषांचं. भाऊ गेला तेव्हा सगळ्यांनी सांगितलं, दुकान देऊन टाक, बाईकडून दाढी कोण करून घेणार? सांगणाऱ्यांत मी सगळ्यात पुढे. सत्तावीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होतो, लोकांना हाकायची सवय जाता जात नाही. तिने मान खाली घालून ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला शटर उघडलं. अकरा दिवस एकही गिऱ्हाईक फिरकलं नाही. ती आरसे पुसायची, खुर्ची पुसायची आणि खुर्चीमागे कात्री घेऊन उभी राहायची. बाराव्या दिवशी माझीच मला लाज वाटली आणि मी जाऊन बसलो. केस असे कापले तिने, की डेपोतले चारजण दुकानाचा पत्ता विचारत आले. आता शनिवारी बाकावर जागा मिळत नाही. पण माझा सल्ला चुकला होता हे तिने आजवर एकदाही बोलून दाखवलेलं नाही, आणि त्याचाच मला जास्त राग येतो.

तर बोका. केसाळ, लोंबत्या कानांचा, वय वर्षं नऊ. एके दिवशी तो मान झाडायला लागला. बसल्या जागेवरून उठायचा, अशी मान झाडायचा की कान गालांवर फटाफट आपटायचे, मग केविलवाणं तोंड करून परत बसायचा. सलूनमध्ये लोकांना आयती करमणूक झाली. "बोका नाही म्हणतोय, हा कट नको!" मीही पोट धरून हसलो. वहिनी हसली नाही.

"भाऊजी, तुम्ही दिवसभर असे कान झटकत बसलात तर मी हसेन का?" तिने विचारलं.

"तुम्ही हसाल," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी ती त्याला जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेली. मीही गेलो, पट्टा धरायला. तिथल्या डॉक्टरबाईंनी नीट समजावलं. कुत्र्याच्या कानाची नळी सरळ नसते, खाली जाऊन आत वळते. त्यात कान लोंबते असले तर हवा लागत नाही, ओल राहते, मळ साचतो, खाज सुटते. मान झाडून तो आतलं जे काही असेल ते बाहेर फेकायला बघतो. त्यांनी ड्रॉप्स दिले. "औषध आतपर्यंत पोचलं पाहिजे," एवढं बजावलं.

वहिनीने ते वाक्य मनावर घेतलं. रोज दोन वेळा ड्रॉप्स. शिवाय दर सोमवारी, दुकानाच्या सुट्टीला, ती कानातले केस बारीक छाटून औषधाला वाट मोकळी करायची. मी टॉर्च धरायचो. काय हात चालायचा तिचा! बोका कुरकुरायचा, पण हलायचा नाही.

आठ-दहा दिवस बरं वाटलं. पुन्हा मान झाडणं सुरू. दुसरी बाटली झाली, तिसरी झाली. तिसऱ्या खेपेला डॉक्टरबाई गंभीर झाल्या. "हे असंच परत परत होत राहिलं तर कानाची नळीच काढून टाकावी लागेल. मग ऐकू येणार नाही. कारण सापडायला हवं."

परत येताना मी म्हणालो, "वहिनी, वय झालं त्याचं. म्हातारपणी ऐकू नाही आलं तर कुठे बिघडतं? मलाही जरा कमीच येतं."

"तुम्हाला येत असताना तरी तुम्ही कुठे ऐकलंत?" ती म्हणाली. "कारण सापडल्याशिवाय मी गप्प बसणार नाही."

आणि ती हट्टाला पेटली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा तिचा खाक्या. आधी खाणं बदललं. पंधरा दिवस काही फरक नाही. मग अंघोळ बंद. मग त्याचं अंथरूण उकळत्या पाण्यात घातलं. माझ्या उशीवर तो दुपारी झोपतो असा शोध लागला आणि माझी उशीही उकळली गेली. कॅलेंडरवर ती रोज खुणा करायची, किती वेळा मान झाडली. दुकानात गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लावलेला असायचा, आणि मागे फटफट झालं की ही वस्तरा खाली ठेवून खूण करायला जायची. महिन्याभराने तिला दिसलं की सगळ्यात जास्त खुणा मंगळवारी असतात.

"मंगळवारी काय होतं?" ती मला विचारायची. मला काय माहीत? मी तिला एकदा म्हणालोसुद्धा, की कुत्र्याला वार कळत नाहीत.

शेवटी तिने डॉक्टरबाईंना गाठून मंगळवारचीच वेळ घेतली. "गुंगीचं औषध द्या, पण दुर्बिणीने पार तळापर्यंत बघा," म्हणाली. नवव्या वर्षी गुंगी द्यायची म्हणजे जोखीम, हे तिला सांगून झालं होतं. तिने कागद दोनदा वाचला आणि सही केली.

डॉक्टरबाईंनी चिमट्याने डाव्या कानातून एक काळपट गोळी काढली, मग उजव्या कानातून तसलीच. मळात घट्ट रुतून बसलेली. "गवताचं कुसळ असावं," त्या म्हणाल्या.

वहिनीने हात पुढे केला. गोळी तळहातावर घेऊन दिव्याखाली गेली, बोटाने ती मोकळी केली. बराच वेळ बघत राहिली.

"कुसळ नाही," ती म्हणाली. "केस आहेत. आपोआप गळालेल्या केसाला मूळ असतं. हे छाटलेले आहेत, आणि तिरके." मग थांबून म्हणाली, "असं तिरकं मी कापते."

मंगळवार म्हणजे छाटणीचा दुसरा दिवस. दर सोमवारी वाट मोकळी करताना कापलेले तुकडे आत पडत होते, आणि वरून आम्ही ड्रॉप्स घालून ते आणखी खाली पाठवत होतो. टॉर्चच्या उजेडात.

"वहिनी, तुम्ही चांगल्यासाठीच..."

"चांगल्यासाठी केलं म्हणून त्याला कमी टोचलं का, भाऊजी?"

तिने तळापर्यंत बघायला लावलं म्हणूनच गोळ्या निघाल्या, हे डॉक्टरबाईंनी तिला दोनदा सांगितलं. पण कानाचे पडदे इतके सुजले होते की शाबूत आहेत का ते दिसत नव्हतं. दोन आठवडे थांबा म्हणाल्या.

ते दोन आठवडे फार वाईट गेले. मान झाडणं थांबलं, पण हाक मारली तरी बोका वळत नव्हता. ताट आपटलं, टाळ्या वाजवल्या, काही नाही. त्यात ड्रॉप्स घालायचं काम वहिनीचंच, त्यामुळे ती दिसली की तो उठून माझ्या खोलीत यायचा. मी म्हणालो, ड्रॉप्स मी घालतो. ती नको म्हणाली. एकदा स्वयंपाकघरात ती रडताना दिसली. मी आत गेलो नाही, जायला हवं होतं.

पंधराव्या दिवशी दुपारी बोका माझ्या खोलीत खिडकीकडे तोंड करून बसला होता. वहिनी बाहेरच्या खोलीत, दाराआड. त्याला ती दिसणं शक्य नव्हतं. तिने आधी हाक मारली. तो तसाच. तिने पुन्हा मारली. तो तसाच. मग मला कात्रीचा आवाज आला, हवेतच, दोनदा, हलका.

बोक्याचे दोन्ही लोंबते कान वर उचलले गेले. पुढच्या क्षणी तो माझ्या पलंगाखाली, पार भिंतीपर्यंत.

"काय केलं त्याने?" ती दाराआडूनच विचारत होती.

"पळाला," मी म्हणालो. "घाबरून पलंगाखाली गेला."

ती आत आली आणि जमिनीवर बसली. हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "पळाला ना? दोन्ही कान उचलले? पळू दे, भाऊजी. आयुष्यभर पळू दे मला बघून."

तिने कात्री माझ्या हातात दिली, बाहेर ठेवून यायला सांगितलं, आणि पलंगाशेजारी जमिनीवर आडवी झाली. त्याचं नाव घेत ती हळू, अगदी बारीक आवाजात बोलत राहिली. तो बाहेर यायला संध्याकाळ झाली. त्या दिवशी दुकान बंदच राहिलं.