मांडवावरच्या किनारी

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, आणि तो गेला. पोरींना सांगितलं नाही, त्या नांदायला गेल्या. देवासमोर उभी राहिले तेव्हाही दुसरंच काहीतरी पुटपुटले. आज तुम्हाला सांगते. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, तेच बरं. ओळखीच्या माणसासमोर मी पुन्हा काहीतरी झाकून ठेवीन.

मी चौथी शिकले. गावात माझं नाव आहे – यमुनाबाई तोंडावर बोलते, मागे बोलत नाही. भांडणात माझी साक्ष काढतात. मला ते आवडायचं. कुणाला नाही आवडणार? पण या नावाचा मी एकदा जो उपयोग केला, तो सांगायचा आहे. त्याआधी कापडाचं सांगावं लागेल, नाहीतर कळणार नाही.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची गोष्ट. मुरबाडच्या एमआयडीसीत शर्ट शिवायची एक कंपनी होती. शर्ट सगळे विलायतेला जायचे. आम्ही चाळीसेक बाया – कुणी शिलाईला, कुणी धागे कापायला. मी आणि सुलभा कटिंगच्या टेबलावर. सुलभा सापगावची, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. सकाळच्या शहापूरच्या एसटीने यायची. मला काकी म्हणायची.

कापडाचे तागे ट्रकने यायचे. टेबलावर थरावर थर पसरायचे, मग मास्तर मशीन फिरवून कापायचा. पण काही तागे आले की आम्हा दोघींना वेगळं काम असे. कापडाच्या दोन्ही बाजूंची किनार, दोन बोटं रुंद, आधी कात्रीने कापून काढायची. त्या किनारीवर लाल अक्षरं असत. काटक्या मोडून टाकाव्यात तशी. आपली नव्हेत, इंग्रजीही नव्हेत. कापलेल्या किनारी मागच्या भट्टीत जाळायच्या. मॅनेजरने बजावलं होतं – एक तुकडा जरी फाटकाबाहेर गेला, तरी कामावरून काढीन आणि चोरीची तक्रार करीन.

का, ते मास्तरने एकदा सांगितलं. तिकडच्या सरकारचा नियम असा की कापड इथलं, भारतातलं असेल, तर शर्टावर जकातीत सूट. बाहेरून आणलेलं कापड इथे नुसतं शिवलं तर सूट नाही. कागदावर लिहून द्यावं लागे की कापड इथेच विणलं आहे. सुलभा लगेच म्हणाली, “म्हंजे मास्तर, तांदूळ इकत आणला न् भाकरी मी भाजली, तर ती भाकरी माझी नाय?”

“तांदूळ कुटलाबी चालंल,” मास्तर म्हणाला. “पण पीठ हितंच दळायचं न् भाकरीबी हितंच भाजायची. पीठ भायेरून आणलंस की खेळ खलास.”

“मग आमी बाया कुटल्या वो? दळल्या माहेरी, भाजल्या सासरी.”

बाया खूप हसल्या. मास्तरही हसला. सुलभा अशी होती – बोलून मोकळी.

आमच्या टेबलावर पीठ बाहेरचं होतं, एवढं मला समजलं. मी काही बोलले का? नाही. तोंडावर बोलणारी यमुनाबाई मुकाट किनारी कापत राहिली.

वर आणखी एक केलं. ती किनार फार चिवट. टेरिकॉटची, कुजत नाही, तुटत नाही. कारल्याच्या मांडवाला सुतळी घ्यायची तर बाजारात जावं लागे, आणि इथे रोज ढीग जळत होता. जेवणाच्या डब्याचं झाकण उघडू नये म्हणून बांधावी तशी मी किनार, अक्षरं आत दुमडून, डब्याभोवती गुंडाळायची. वॉचमन पिशवीत बघायचा, डबा बघायचा, सोडून द्यायचा. असं करत करत माझा अख्खा मांडव त्या किनारींनी बांधला गेला. एक टोक पेरूच्या झाडाला, एक न्हाणीच्या खांबाला. सुलभा एकदा कारली न्यायला घरी आली होती. मान वर करून बघितलं आणि पदर तोंडाला लावून हसली. “काकी, तुमची कारली विलायती झाली गो!” मी म्हटलं, गप बस.

म्हणजे तिला माहीत होतं. हे लक्षात ठेवा.

आता दुसरी गोष्ट – ही मला सांगवत नाही. सुलभाला मुलगी झाली होती. पाचवी पुजायच्या आधीच गेली. महिन्याभरात सुलभा कामावर परत आली, कुणाला काही दाखवलं नाही. एके दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी ताग्यांच्या मागे काहीतरी घ्यायला गेले, तर ती खाली बसलेली. मांडीवर कापडाच्या तुकड्यांचं गाठोडं, नीट गुंडाळलेलं, आणि ती ते थोपटत होती. मला पाहून थांबली. मी गाठोडं उचललं, तुकडे जागेवर टाकले, तिला पाणी दिलं. म्हटलं, “ऊठ, घंटा होईल.” ती म्हणाली, “काकी, कुणाला सांगू नका.” मी म्हटलं, “मी कशाला सांगू?”

पुन्हा तसं कधी झालं नाही. माणूस एकदा असं करतं. मीही केलं असतं.

त्यानंतर वर्षभराने तपासणी आली. मुंबईचा एक साहेब आणि त्याच्यासोबत लिहून घेणारी एक बाई. कागदावर लिहिलेलं कापड आणि टेबलावरचं कापड एकच आहे का, ते बघायला. आठ दिवस आधीपासून मॅनेजर सगळीकडे फिरत होता. त्या आठवड्यात मी घरी गेले की आधी मांडवाकडे बघायची. लाल अक्षरं पानांतून दिसत होती का? वाऱ्याने पान हललं तरी दिसायची. सोडून टाकावं तर कारली लागलेली. शेजारीण विचारेल, भरला मांडव का सोडलास? काय सांगणार होते? साहेब मुरबाडहून माझ्या गावात कशाला येईल, असं मनाला सांगायची. आणि पुन्हा बघायला बाहेर जायची.

साहेबाने एकेकीला ऑफिसात बोलावलं. सुलभा माझ्याआधी गेली. बराच वेळ आत होती. बाहेर आली तेव्हा म्हणाली, “विचारलं म्हणून सांगितलं, काकी. किनारीवर परकी अक्षरं व्हती म्हटलं. खोटं कशाला बोलू?” एवढंच बोलली आणि टेबलावर जाऊन उभी राहिली.

हिने अक्षरांचं सांगितलं. मग आणखी काय सांगितलं? किनारी कुठे गेल्या, हे विचारलं असेल ना? मांडवाचं सांगितलं असेल का? की आता सांगेल? तिला विचारायला हवं होतं. दहा पावलांवर उभी होती. मी विचारलं नाही.

मॅनेजर मला न्यायला आला. त्याने मला काही शिकवलं नाही, हे नीट ऐका. एवढंच म्हणाला, “ही आमची सगळ्यात जुनी बाई. हिला विचारा. ही कुणाची भीड ठेवत नाही.”

साहेब सभ्य होता. मला बसायला खुर्ची दिली. म्हणाला, “ती बाई सांगते, किनारीवर परकी अक्षरं होती. तुम्ही पाहिलीत?”

मी म्हटलं, “नाय.”

इथे थांबता आलं असतं. एवढं खोटं कितीतरी बायांनी सांगितलं असेल. पण साहेबाने पेन खाली ठेवलं नाही. म्हणाला, “मग ती खोटं का बोलेल?”

खोलीत पंखा फिरत होता. मी त्याच्याकडे बघितलं आणि म्हटलं, “खोटं नाय बोलत ती, साहेब. तिचं पोर गेलं. तवापासून तिचं डोकं ठिकाणावर नाय. मी डोळ्यांनी बघितलंय – चिंध्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन थोपटत बसते.”

बसते, म्हटलं. एकदा बसली होती. मी म्हटलं – बसते.

लिहिणाऱ्या बाईचा हात थांबला. साहेबाने वही मिटली. “अरेरे,” म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं, ते दिसत होतं. खऱ्यात मिसळलेलं खोटं असं लगेच पटतं.

संध्याकाळी घरी आल्याबरोबर मी मांडव ओढून काढला. लहान लहान कारल्यांसकट. किनारी चुलीत घातल्या, त्या जळेनात, वितळून काळ्या गोळ्या झाल्या आणि घरभर वास सुटला. नवऱ्याने विचारलं, काय जाळतेस? मी म्हटलं, कचरा.

कंपनीचा कागद पास झाला. तुम्ही म्हणाल, चाळीस बायांचं काम वाचलं. त्यांचा विचार मी त्या खुर्चीत एकदाही केला नाही. माझ्या डोळ्यांपुढे फक्त माझा मांडव होता.

सुलभाला आधी कटिंगवरून काढून पॅकिंगला टाकलं. मग मॅनेजर म्हणाला, बाई, तुम्ही घरी आराम करा. तिच्या एसटीला आणखी दोघी होत्या, त्यांनी ऑफिसातून फुटलेली गाठोड्याची गोष्ट सापगावला पोचवली. घरच्यांनी तिला भगताकडे नेलं. जाऊ बाळंत झाली होती. तिने आपलं पोर सुलभाच्या मांडीवर द्यायचं बंद केलं. हे सगळं मी टेबलाशी उभी राहून ऐकलं. एक बाई हळहळून म्हणाली, “पण गाठोड्याचं कुणी सांगितलं गो?” मी म्हटलं, “कात्री दे इकडं.”

गाठोडं तिला आणि मला, आम्हा दोघींनाच माहीत होतं. सुलभाला कुणाचा संशय घ्यायची गरजच नव्हती.

मी सापगावला गेले नाही. अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता. नाही गेले.

पाच-सहा वर्षांनी म्हसाच्या जत्रेत भेटली. कंपनी तोवर बंद पडली होती. मी घोंगडी बघत होते, दुकानदार सांगत होता अस्सल आहे, आणि बाजूला एक बाई घोंगडीचा काठ चिमटीत धरून विचारत होती, “विणली कुटं ती? खरं सांग.” आवाज ओळखीचा. ती सुलभा. वाळली होती. केस पांढरे व्हायला लागलेले.

पळून जाता येईना, मागे माणसांची रेटारेटी. तिने मला पाहिलं. घोंगडी खाली ठेवली नाही.

“बऱ्या हाव ना, काकी?”

मी मान हलवली.

“मांडव घालता का अजून?”

ती घोंगडीकडे बघत बोलली, जशी काही दुकानदाराशीच बोलतेय. “साहेबानं मला विचारलं व्हतं, किनारी कुटं गेल्या. मी म्हटलं, जाळल्या. म्हटलं, एकबी भायेर गेली नाय. तेवढं एकच खोटं बोलले मी.”

मग ती थांबली. मी काहीतरी बोलावं म्हणून थांबली असेल. मी म्हटलं, “थंडी वाढली यंदा.”

“वाढली,” ती म्हणाली. घोंगडी खांद्यावर टाकून गर्दीत गेली.

त्यानंतर ती मला दिसली नाही. आहे की नाही, ठाऊक नाही. पेरूच्या झाडाला बांधलेलं एक टोक मांडव ओढून काढला त्या संध्याकाळी निघालं नव्हतं. गाठ सुटली नाही, मी कापून टाकलं आणि वेढा तसाच राहिला. आता सालीने तो गिळला आहे, एका बाजूला तेवढं बोटभर लाल दिसतं.

साहेबाने विचारलं होतं, ती खोटं का बोलेल? अक्षरांचं ती खोटं बोलत नव्हती. तिचं डोकं ठिकाणावर होतं. किनारीवर परकी अक्षरं होती. मी पाहिली होती. तिच्या शेजारी उभी राहून मीच कापली होती.