संपर्काचा रकाना

आमच्या कॉलेजचं नेटवर्क सांभाळणारे भाऊ एका मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत छातीत कळ येऊन गेले. वय त्रेचाळीस. कॉलेजात अठ्ठावन्न स्विच आहेत. स्विच म्हणजे दिव्याचं बटण नव्हे. एका मजल्यावरचे सगळे कॉम्प्युटर ज्या पेटीत येऊन एकमेकांना जोडले जातात, ती पेटी. ती बंद पडली की मजला मुका होतो आणि ऑफिसातला कारकून म्हणून मी दिवसभर फोनवर बोलणी खातो. कुठली पेटी कुठे आहे, हे फक्त भाऊंना ठाऊक होतं. ते गेले आणि आम्ही आंधळे झालो.

त्यांच्या जागी त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना घेतलं. त्या आधी एका दुकानात कॉम्प्युटर दुरुस्त करायच्या, त्यामुळे हात बसलेला होता. पहिल्याच आठवड्यात त्या मला म्हणाल्या, "लोकांनी ओरडल्यावर आपल्याला कळायचं, हे काही खरं नाही. यांना पेटीतल्या पंख्याच्या आवाजावरून कळायचं म्हणे. मला नाही कळत. स्विचनेच सांगायला हवं."

अडगळीतला एक जुना कॉम्प्युटर पुसून त्यांनी त्यावर देखरेखीचं सॉफ्टवेअर चढवलं. ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो, कुणाचीही परवानगी मागावी लागत नाही, त्यातलं. मग तीन आठवडे शिडी घेऊन इमारती पालथ्या घातल्या. प्रत्येक स्विचपाशी जाऊन त्याला समजवायचं, की हा कॉम्प्युटर दर पाच मिनिटांनी हाक मारेल, तेव्हा ओ द्यायची.

पहिल्याने ओ दिली ती ग्रंथालयाच्या स्विचने. पडद्यावर ओळी उमटल्या. ठिकाण: पहिला मजला, खिडकीशेजारच्या कपाटामागे. संपर्क: भाऊ, आणि पुढे त्यांचा मोबाइल नंबर. वहिनी खुर्ची मागे सारून बसून राहिल्या. दुसऱ्या स्विचमध्ये तेच, तिसऱ्यातही तेच. अठ्ठावन्नच्या अठ्ठावन्न पेट्यांत भाऊंनी सगळं नीट लिहून ठेवलं होतं, फक्त आतून.

"घरात यांनी कधी गॅसवाल्याचा नंबर लिहून ठेवला नाही," वहिनी म्हणाल्या आणि तोंड धुवायला गेल्या.

स्विच बंद पडला की संपर्काच्या रकान्यातल्या नंबरवर मेसेज जाईल, अशी व्यवस्था त्या सॉफ्टवेअरमध्ये होती. आधी ती चालते का बघू, नंबर मग बदलू, असं म्हणून त्यांनी ग्रंथालयाच्या स्विचची वायर ओढली. दहाएक मिनिटांनी त्यांचा फोन वाजला. सासूबाई होत्या. मुलाचा मोबाइल त्या रोज चार्ज करून उशाशी ठेवत. ते आम्हाला तेव्हा कळलं.

"अगं, त्याच्या फोनवर मेसेज आलाय. ग्रंथालय बंद, असं लिहिलंय. कुणाला सांगू?"

"मलाच सांगा, आई," वहिनी म्हणाल्या. "मी बघते."

त्यांनी सॉफ्टवेअरमधल्या मेसेजच्या यादीत स्वतःचा नंबर घातला, पण रकान्यातला भाऊंचा काढला नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "राहू दे. आईंचा तेवढाच वेळ जातो."

मग सात-आठ महिने मजेत गेले म्हणायला हरकत नाही. वहिनींनी मेसेज उघडायच्या आत सासूबाईंचा फोन यायचा. "सूनबाई, तुझं वर्कशॉप झोपलं बघ." "उठवते, आई." त्या बाईंनी कॉलेजचं फाटकही पाहिलं नव्हतं, पण वसतिगृहातली कुठली पेटी उठसूट मान टाकते, हे त्यांना प्राचार्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं.

एका दुपारी मागच्या इमारतीची वीज गेली आणि एकदम सात मेसेज गेले. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "सात बंद आहेत आज. त्याला म्हणावं, घाई करू नकोस. शिडीवर जपून चढ."

बोलण्याच्या ओघात आलं असेल, असं वहिनींनी स्वतःला समजावलं. पण पुढच्या आठवड्यात प्रयोगशाळेचा स्विच बंद पडला, तेव्हा सासूबाईंनी डबा भरला आणि भर उन्हात चपला न घालता निघाल्या. तीन चौक ओलांडल्यावर शेजारच्या शिंप्याने त्यांना ओळखलं आणि हाताला धरून परत आणलं. "प्रयोगशाळा बंद आहे, तो काही जेवायला यायचा नाही," असं त्या त्याला सांगत होत्या. तपासून डॉक्टर म्हणाले की विसरणं आता वाढतच जाणार.

दुसऱ्या दिवशी वहिनी सकाळपासून पडद्यासमोर बसल्या. एकेक स्विच उघडायचा, संपर्काचा रकाना पुसायचा, स्वतःचं नाव आणि नंबर घालायचा. चार वाजेपर्यंत चाळीस झाले होते.

"सगळं एका झटक्यात नाही होत?" मी विचारलं.

"होतं," त्या म्हणाल्या आणि पुढचा स्विच उघडला.

त्या संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं, "आज काही बंद नाही पडलं?"

"नाही, आई. सगळं चालू आहे."

"मग त्याला इतका उशीर का होतोय?"

वहिनींनी त्यांच्याजवळ बसून खरं सांगितलं. सासूबाई नुकतंच ऐकल्यासारख्या रडल्या, जेवल्या नाहीत. दुसऱ्या संध्याकाळी त्यांनी पुन्हा तेच विचारलं. वहिनींनी पुन्हा सांगितलं. तिसऱ्या संध्याकाळी मात्र त्यांच्याने होईना. "कामात आहेत," त्या म्हणाल्या. "तुम्ही जेवून घ्या." सासूबाई निमूट उठून पानावर बसल्या.