सर्दीवाल्यांना सुट्टी

किसनमास्तर हिवाळ्यात कुणालाच रामराम करत नसत. समोर आलेल्या माणसाचा हात ते सरळ आपल्या हातात घेत आणि तो गार लागला की म्हणत, "अंगात चूल हाय की तुमच्या. पेटवा की जरा." सोनपेठच्या शाळेत मी नव्याने गणित शिकवायला लागलो, तेव्हा आमची ओळख अशीच झाली. मी घोंगडी पांघरून शाळेच्या ओसरीवर बसलो होतो. त्यांनी माझा हात धरला तो मैदानात नेऊनच सोडला.

ते निजामाच्या राज्यातले दिवस. किसनमास्तर आमचे कवायत मास्तर. अंगाने काटकुळे, मिशा मात्र दोन माणसांना पुरून उरतील एवढ्या. गोदावरीवरून येणारा वारा अंगाला झोंबत असे आणि गावातली शहाणी माणसं कापसाच्या पऱ्हाट्यांच्या शेकोटीभोवती बसून ऊन चढायची वाट बघत. मास्तर तेवढ्यात पोरांना नदीच्या घाटापर्यंत पळवून परत आणत. शेकोटीवर त्यांचा भारी राग. "ती निस्तं तोंड भाजती, पाठ गारच ऱ्हाती," असं म्हणत ते शेकणाऱ्यांनाही उठवायला बघत, आणि लोक शिव्या घालत का होईना, उठत.

एका मार्गशीर्षात हैदराबादेहून नवे हेडमास्तर आले. माणूस सज्जन, पण थंडीला इतका भ्यायलेला की शेगडी सोडून हलत नसे. आठवडा झाला नाही तोच त्यांचा उर्दू हुकूम निघाला आणि तो मीच सगळ्यांना वाचून दाखवला: 'सर्दी में कवायद मौकूफ.' उर्दूत सर्दी म्हणजे थंडी. म्हणजे अख्खा हिवाळा कवायत बंद. कवायतच नाही तर कवायत मास्तर कशाला, असा प्रश्न वर कुणाला तरी सुचलाच असता आणि मास्तरांची नोकरी गेली असती. मास्तर मात्र मिशीला पीळ देत उभे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते शाळेच्या फाटकात दिसले. आत येणाऱ्या प्रत्येक पोराची हनुवटी वर करून ते नाक बघत होते. ज्याचं नाक वाहत होतं त्याला उन्हात बसवलं. बाकीची पलटण घाटाकडे पळाली. मराठीत सर्दी म्हणजे पडसं, आणि मास्तरांनी हुकूम मराठीत ऐकला होता.

हेडमास्तरांनी लगेच बोलावणं धाडलं. आपल्याला उर्दू येत नाही असं मास्तर नेहमी सांगत, म्हणून दुभाष्या म्हणून मला उभं केलं. मला घाम फुटला होता, तोही त्या थंडीत.

"हुजूर, तुमचा हुकूमच पाळायलोय," मास्तर म्हणाले. "सर्दीवाल्यांना सुट्टी. बाकीच्यांची नाकं मी सोता तपासलीत."

मी ते उर्दूत सांगतोय तोवर हेडमास्तरांना सणसणीत शिंक आली. रागवायला उघडलेलं तोंड शिंकेतच खर्ची पडलं.

"तुमाला बी आज सुट्टी, हुजूर," मास्तर हळूच म्हणाले.

याचं भाषांतर करावं लागलं नाही. हेडमास्तरांनी एकदा मास्तरांच्या मिशांकडे पाहिलं, एकदा खिडकीबाहेर, पळत परतणाऱ्या लालबुंद पोरांकडे, आणि ते हसायलाच लागले. हुकूम कायम राहिला, अर्थ मास्तरांचा चालला. पडसं बरं झाल्यावर खुद्द हेडमास्तर शेरवानीवर मफलर गुंडाळून कवायतीच्या शेवटच्या रांगेत येऊ लागले. त्या हिवाळ्याइतका मी नंतर कधी हसलो नाही.

पुढे हेडमास्तरांची बदली झाली. निरोपाच्या सभेत किसनमास्तर उठले आणि अस्खलित उर्दूत बोलले. आम्ही तोंडात बोट घालून ऐकत राहिलो. हेडमास्तर चष्मा पुसत म्हणाले, "मास्टरजी, यानी आप सर्दी का मतलब जानते थे."

मास्तरांनी पुढे होऊन हेडमास्तरांचा हात नेहमीसारखा आपल्या हातात घेतला आणि जरा जास्तच वेळ धरून ठेवला. मग मराठीतच म्हणाले, "गरम हाय. जावा आता बिनघोर."