एकतीस हात

आमच्या डिचोलीच्या शाळेत खिडकीवर लाल धूळ जशी साचते, तसे आमच्या वर्गात किस्से साचतात. सकाळी पुसा, दुपारी पुन्हा थर! फक्त हे किस्से सांगताना मला हसू येत नाही. का, ते कळेलच.

सुरुवात टीचरच्या एका वाक्याने झाली. "ज्यात जास्तीत जास्त जणांचं भलं, तेच योग्य!" आमचा मॉनिटर सुयश ते लगेच शिकला. वर्गात काहीही ठरवायचं असलं की हात वर!

पहिला प्रश्न रस्त्याकडच्या बाकाचा. खनिजाचे ट्रक तिथूनच जातात, त्यामुळे वह्यासुद्धा लाल होतात. तिथे कोण बसणार? वैजू त्याच जूनमध्ये दोडामार्गहून आली होती. तिचे बाबा ट्रकवर ड्रायव्हर. सुयश म्हणाला, "तिका सवंय आसा!" बत्तीस जणांच्या वर्गात एकतीस हात वर गेले. माझाही.

वैजूने दप्तर उचललं. "बरा झाला. धूळ माझ्या बाबाच्याच ट्रकाची, म्हणजे घरचीच!"

मग झाडू. आमची पाळी बाकांप्रमाणे असायची. आम्हाला अर्धा तास लागे, वैजूला दहा मिनिटं. सुयशने हिशोब मांडला, "रोज तिनेच मारला तर सगळे लवकर घरी!" हात वर. टीचरही खूश, "किती व्यवहारी मुलं!"

माझी पाळी गुरुवारची होती. त्या गुरुवारपासून मला कारापूरच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळू लागली. वाऱ्याने छान वाटायचं. हे लिहिताना वाटत नाही.

एकदा टीचरने सांगितलं, की पूर्वी कामाला आलेल्या माणसांना मागच्या दारी करटीत, म्हणजे नारळाच्या कवटीत, चहा देत. कप देत नसत. "शी!" सगळा वर्ग ओरडला. टीचर म्हणाल्या, "बघा, माणूस हळूहळू सुधारत जातो."

त्याच दिवशी मधल्या सुट्टीत शाळेतून मिळणाऱ्या पाव-भाजीला एक ताटली कमी पडली. मत घ्यायचीही गरज पडली नाही. वैजूला भाजी तिच्याच डब्याच्या झाकणात वाढली. वाढणारी मी. झाकण सपाट, रस तिच्या फ्रॉकवर ओघळला.

"करटी बरी होती गे," ती मला म्हणाली. "सांडली नसती!"

त्यानंतर मी ठरवलं, आता हात वर करायचा नाही. पुढचं मत फळाही वैजूनेच पुसण्याचं होतं. सुयश मोजत आला. "एकोणतीस, तीस... आणि तू गे?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला कोणी बघितलेलं सहन होत नाही. हात वर गेला.

सुटल्यावर मी वैजूला गाठून हळूच म्हटलं, "मला तसं नको होतं."

ती झाडू मारत होती. "मग तो हात कोणाचो होतो?"

शेवटचा किस्सा सहलीचा. मिनीबसमध्ये एक जागा कमी होती. एकाला गाळायला हवं. मी मनात म्हटलं, झालं, वैजू! पण सुयशने माझ्याकडे बोट केलं. "ती घाटात ओकता! ती घरी रवली तर सगळ्यांचे कपडे निवळ, स्वच्छ!"

वर्ग हसला. मी सहलीसाठी नवा ड्रेस इस्त्री करून ठेवला होता. ते सांगायला तोंड उघडलं, तोवर सगळे माझ्याकडे बघायला लागले. हात वर जाऊ लागले. सुयशने मोजले, "एकतीस!"

त्यात माझाही होता.

एकच हात खाली होता. रस्त्याकडच्या बाकावर.

टीचर म्हणाल्या, "वैजू, तुझं काय? सगळ्यांच्या भल्याचं आहे ना?"

वैजू उभी राहिली. "हात वर जायना, टीचर. रोज झाडू मारतंय ना, दुखता!"