अंगणातल्या कण्या

थळला आमच्या शेजारच्या काकू तांदूळ पाखडून झाले की कण्या अंगणात टाकायच्या आणि कोंबड्यांना बजावायच्या, "तिकडं नको जाऊ गो, भाऊंची मिरची हाय!" कोंबड्या कसल्या ऐकतात! तिसऱ्यांदा माझी रोपं उकरली तेव्हा मी कुंपणावरून काकूंना नको ते बोललो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मासेमारीचं जुनं जाळं आणून माझ्या वाफ्याभोवती स्वतः बांधलं. कोंबड्या त्यांनी आपल्या बहिणीकडे रेवसला धाडल्या होत्या.

"मग आता जाळं कशाला?"

"दुसऱ्या कुणाच्या आल्या तं? त्यांना तरी नका बोलू."

यंदा मिरची गोगलगायींनी खाल्ली. कोंबड्या होत्या तेव्हा एकही दिसत नव्हती. काकू अजून सवयीने अंगणात कण्या टाकतात. मग केरसुणी घेऊन स्वतःच झाडून काढतात.