आपा रजेवर नाहीत

मेलेल्या बाईला मी महिनाभर रजेवर ठेवलं.

होय, मीच.

नसीमआपांना जाऊन आज पाच महिने झाले. आमच्या संस्थेच्या त्या फील्ड वर्कर. ऊसतोडीच्या टोळ्या उतरल्या की बारामतीहून स्कूटी काढायच्या आणि पिंपळीपासून भवानीनगरपर्यंत कोपी कोपी, म्हणजे त्यांच्या पाचटाच्या झोपड्या, हिंडून गरोदर बायकांना तपासणीला न्यायच्या.

मी ऑफिसात बसून त्यांचे फॉर्म कॉम्प्युटरवर चढवणारा.

आपा म्हणायच्या, "अवो राव, एक्सेलमधी बाई बाळंत व्हत न्हाय. उठा की जरा."

मी हसायचो आणि बसून राहायचो.

जुलैत त्यांनी ताप अंगावर काढला. चौथ्या दिवशी गेल्या. टोळ्या तेव्हा आपापल्या गावी होत्या, त्यांना कळवायचं कुणाला सुचलंच नाही.

आपांचा ऑफिसचा फोन माझ्याकडे आला.

सीझन सुरू झाला आणि तो वाजला. मनीषा, बीडकडची. गेल्या वर्षी तिचं बाळ पोटातच गेलं, तेव्हा आपा दोन दिवस तिच्या कॉटशेजारून हलल्या नव्हत्या.

"आपांना द्या की. आमी पिंपळीला आलोय. सातवा लागलाय मला."

म्हटलं, "आपा रजेवर आहेत."

"बरं. आल्या की जाईन दवाखान्यात. त्यांच्यासंगंच."

वाटलं, पोटुशी बाई, तिला कशाला धक्का द्यायचा? दया होती, खोटं नाही सांगत. पण भित्रेपणा जास्त होता.

ती दर आठवड्याला फोन करायची. मी रजा वाढवत गेलो. दुसऱ्या ताईंना पाठवतो म्हटलं, तर नको म्हणायची.

आज सकाळी म्हणाली, "दादा, पाय लई सुजल्यात. आपा कवा येत्यात?"

गाडी काढून थेट उसाच्या फडावर गेलो. ती मोळ्या बांधत होती. सांगून टाकलं.

बांधावर बसून ती खूप रडली. मग माझ्याकडे बघून म्हणाली,

"पयल्याच दिशी सांगायचं व्हतं. एकली गेले असते मी. केसपेपर कुठं काढायचा, डॉक्टरला काय इचारायचं, समदं आपांनी शिकवलंय. त्या येणार म्हणून थांबले."

ती पदरानं डोळे पुसत उठली.

"आपा कंदी खोटं बोलल्या न्हाईत. बाळ गेलं तवा बी त्यांनीच तोंडावर सांगितलं."

बारामतीला आणलं तिला. केसपेपर तिनंच काढला. बीपी वाढलंय, ॲडमिट करून घेतलंय. बाळाचे ठोके लागताहेत.

बाहेर बाकावर बसून हे लिहितोय. मध्येच तुमचा फोन वाजला, आपा. दुसऱ्या टोळीतली कुणी.

"आपा हायेत का?"

म्हटलं, "नाहीत. आपा वारल्या."

दोघंही फोनवर रडलो. मग तिला विचारलं, कुठल्या फडावर आहात, कितवा महिना आहे.

आपा, मला माफ करा.

तुमच्या माणसांपर्यंत तुमची बातमी उशिरा पोचवतोय. आता निश्चिंत जा.